शिया बटर: कुठे कामाचं, कुठे बिनकामाचं

नागपूरहून एका ताईंनी विचारलं आहे: "हिवाळ्यात हातपाय पांढरे पडतात, टाचांना भेगा जातात, केस टोकांना झाडूसारखे झालेत. जो तो शिया बटर सांगतो. चेहऱ्याला, केसांना, बाळंतपणानंतरच्या पोटावरच्या व्रणांना (स्ट्रेच मार्क्सना) आणि सात महिन्यांच्या बाळाला, सगळ्यांना एकच डबा चालेल का? कच्चं घ्यावं की रिफाइंड? आणि एवढे पैसे घालावेत का?"

ताई, क्रीम, बाम आणि साबणाची फॉर्म्युलेशनं बनवणं हे माझं काम आहे. शिया बटर माझ्या टेबलावर कायम असतं आणि मला ते आवडतं, हे आधीच सांगून टाकते. पण तुमच्या यादीतल्या काही कामांना ते उत्तम आहे, काहींना चालेल, आणि दोन कामांसाठी त्यावर रुपयाही घालू नका. कुठलं काम कशात मोडतं ते कळण्यासाठी हा पदार्थ मुळात काय आहे ते बघू या.

शिया बटर म्हणजे एका आफ्रिकी झाडाच्या बियांतली चरबी. झाडाचं शास्त्रीय नाव व्हिटेलारिया पॅराडॉक्सा, कूळ सॅपोटेसी. आपला मोह आणि चिकू याच कुळातले. सहाराच्या दक्षिणेला सेनेगलपासून युगांडा-इथिओपियापर्यंत कोरड्या माळरानांचा पट्टा पसरलेला आहे, त्यात ही झाडं शेतांमधून विखुरलेली दिसतात. बागा क्वचितच, बहुतेक झाडं आपोआप उगवलेली आणि नांगरताना मुद्दाम राखलेली. फळ धरायलाच पंधरा-वीस वर्षं लागत असल्यामुळे लागवडीचा उद्योग फारसा कोणी करत नाही. घाना, बुर्किना फासो, माली, नायजेरिया इथल्या बायका पावसाच्या तोंडावर गळलेली फळं वेचतात, गोड गर खाल्ला जातो, बिया उकडून उन्हात वाळवतात, फोडतात, आतला दाणा कांडून भाजतात आणि दळतात. चॉकलेटच्या रंगाचा तो लगदा पाणी घालून हातांनी फेटत राहायचा. बऱ्याच वेळाने ताकावर लोणी यावं तशी फिकट चरबी वर येते. ती धुवायची, उकळून पाणी उडवायचं, गाळायची आणि थंड करायची. हे खांदे मोडणारं काम आहे. कच्च्या शिया बटरला जो किंचित धुरकट, भाजलेल्या दाण्यांसारखा वास येतो तो या भाजण्या-उकळण्यातून येतो. तो वास म्हणजे भेसळ नव्हे.

एक गंमत सांगते. आफ्रिकेबाहेर जाणाऱ्या शियाचा सर्वांत मोठा वाटा सौंदर्यप्रसाधनांत जातच नाही, तो खाण्यात जातो, मुख्यतः चॉकलेटमध्ये कोको बटरला पर्याय म्हणून. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटमध्ये ५ टक्क्यांपर्यंत चालतील अशा सहा वनस्पतिजन्य चरब्यांची यादी केली. तिच्यात शियाच्या शेजारी आपलं कोकम आहे, साल वृक्षाच्या बियांची चरबी आहे आणि आंब्याच्या कोयीतलीही आहे. ही यादी लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता डब्यात नेमकं काय असतं? जवळजवळ सगळं दोन मेदाम्लांनी व्यापलेलं: साधारण ४० ते ६० टक्के ओलेइक आम्ल, जे शेंगदाणा तेलातही भरपूर असतं, आणि साधारण ३० ते ५० टक्के स्टिअरिक आम्ल, ज्याच्यामुळे ते घट्ट राहतं. उरलेल्यात थोडं लिनोलेइक, थोडं पामिटिक. इथपर्यंत त्याच्यात विशेष काही नाही. विशेष आहे तो साबण न होणारा भाग. बहुतेक तेलांत, साबण करताना वापरतात त्या कॉस्टिक सोड्याशी प्रक्रिया न होणारा भाग एक-दोन टक्क्यांच्या आत असतो. शियात तो बरेचदा ५ टक्क्यांच्या आसपास आणि कधी त्याहून बराच जास्त असतो. त्यात ट्रायटर्पीन नावाची संयुगं असतात, त्यांतली बरीच सिनॅमिक आम्लाशी जोडलेली. प्रयोगशाळेत आणि उंदरांवर या संयुगांनी दाह कमी केल्याचं दिसलं आहे. माणसाच्या त्वचेवर डब्यातल्या प्रमाणात ती किती काम करतात, याचा पुरावा त्या मानाने तोकडा आहे. "दाहशामक" हा शब्द लेबलवर वाचाल तेव्हा एवढा फरक डोक्यात असू द्या. "अ जीवनसत्त्वाने समृद्ध" वाचाल तेव्हा तर सरळ पुढे जा. शियातलं अ जीवनसत्त्व सुरकुत्यांवर काम करेल एवढं नसतं. ते काम रेटिनॉलच्या, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्याच एका रूपाच्या, क्रीमचं आहे.

मग ते करतं काय? त्वचेच्या वरच्या थरातल्या मृत पेशींमधल्या फटी भरून पृष्ठभाग मऊ करतं, आणि वर पातळ थर धरून आतलं पाणी उडून जाणं कमी करतं. एवढंच. पण हे "एवढंच" हिवाळ्यातल्या नागपुरात फार मोलाचं आहे. कोरडी त्वचा म्हणजे पाणी कमी पडलेली त्वचा, आणि शिया बटरमध्ये पाण्याचा थेंबही नसतो. म्हणून पूर्ण कोरड्या पायावर कोरडंच शिया चोळणाऱ्या बायका मला सांगतात की तेलकट झालं पण खरखर गेली नाही. जाणार कशी? रोखून धरायला आत ओलावाच नव्हता.

आंघोळीनंतर टॉवेलने टिपून घ्या, रगडून पुसू नका. अंग दमट असताना, दोन-तीन मिनिटांच्या आत लावा. हरभऱ्याएवढा गोळा तळहातावर घेऊन दोन्ही हात एकमेकांवर घासा, तो वितळून पारदर्शक होईल, मग नडगीवर, कोपरांवर, हातांच्या पाठीवर दाबून बसवा. एका पायाला एवढं पुरतं. चिकट वाटलं तर समजा जास्त झालं. अंग फारच कोरडं असेल तर आधी ग्लिसरीन असलेलं साधं लोशन आणि त्यावर शिया, हा क्रम. ग्लिसरीन पाणी धरतं, शिया त्याला झाकतं. आणि आंघोळीचं पाणी कढत असेल, रोज सगळ्या अंगाला साबण घासला जात असेल, तर आधी ते बदला, बटर त्यानंतर.

टाचांच्या भेगांसाठी मात्र नुसत्या शियावर विसंबू नका. तिथे कातडं जाड आणि कडक झालेलं असतं, ते आधी मऊ व्हायला हवं. औषधांच्या दुकानात १० ते २० टक्के युरिया असलेलं क्रीम मिळतं. रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात, वजरीने हलकं घासणं, युरिया क्रीम, वरून शियाचा थर, सुती मोजे. भेग खोल असेल, रक्त येत असेल किंवा आग होत असेल तर युरिया झोंबतो. तेव्हा काही दिवस फक्त चरबीचा थर ठेवा. घरात कोणाला मधुमेह असेल तर त्यांच्या पायाच्या भेगांवर घरचे प्रयोग करायचे नाहीत, डॉक्टरांना दाखवायचं.

आणि खरं बोलायचं तर, पाणी अडवणं एवढा एकच निकष लावला तर साधी पेट्रोलियम जेली शियाच्या पुढे आहे, आणि स्वस्तही आहे. शिया जिंकतं ते स्पर्शात: ते त्वचेत मुरल्यासारखं वाटतं आणि जेलीसारखं चिकचिकत नाही, म्हणून माणूस ते रोज लावतो. मॉइश्चरायझरच्या बाबतीत रोज लावलं जाणं हाच निम्मा गुण असतो. पैशांची ओढाताण असेल तर जेली लावा, तुमच्या टाचांचं काही अडणार नाही.

ओठांसाठी शिया फार छान. घरी बाम करायचा तर २० भाग मधमाश्यांचं मेण, ३० भाग शिया, ५० भाग बदाम किंवा तिळाचं तेल. नागपूरच्या उन्हाळ्यासाठी मेण २५ भागांपर्यंत न्या आणि तेल तेवढं कमी करा. दालचिनी, पुदिना, लिंबू असलं काही सुगंधासाठी घालू नका, फुटलेल्या ओठांना ते चिडवतं.

चेहऱ्याचं उत्तर तुमच्या चेहऱ्यावर अवलंबून आहे. चाळिशीपुढची कोरडी त्वचा असेल तर रात्री ओलसर चेहऱ्यावर मुगाच्या दाण्याएवढं, गालांवर आणि डोळ्यांच्या कडेला, चालेल. तेलकट त्वचा किंवा मुरुमं असतील तर मी सांगणार नाही. शिया रंध्रं बुजवत नाही असं सांगताना ० ते ५ असे जे आकडे दाखवतात, ते मुळात सशाच्या कानावरच्या जुन्या चाचण्यांतून आलेले आहेत आणि माणसाच्या चेहऱ्याशी त्यांचा मेळ नीट बसत नाही. कपाळावर एकसारखे, खाजणारे, बारीक फोड येत असतील तर आणखी जपा: ते बरेचदा मालासेझिया या बुरशीचे असतात, आणि ११ ते २४ कार्बन अणूंच्या साखळीची मेदाम्लं हे तिचं खाणं. शियातली स्टिअरिक आणि ओलेइक दोन्ही १८ कार्बनची.

कोंड्याचंही हेच. डोक्यातला तेलकट, पिवळसर कोंडा त्याच बुरशीशी जोडलेला असतो. "टाळू कोरडी पडली म्हणून कोंडा झाला" असं समजून मुळांशी शिया थापणं म्हणजे तिला पंगत वाढणं. अशा वेळी किटोकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाचा शाम्पू लागतो. टाळूवर शिया एरवीही लावू नये असं माझं मत आहे. ते शाम्पूने सहज निघत नाही, मग माणूस दोन-तीनदा जोरात शाम्पू करतो आणि केस पहिल्यापेक्षा कोरडे होतात.

केसांच्या लांबीसाठी मात्र ते कामाचं आहे, फक्त खोबरेल तेलाची जागा ते घेत नाही. खोबरेल तेलातलं लॉरिक आम्ल छोटं आणि सरळ असल्यामुळे केसाच्या आत शिरतं. मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली, तीत केसांतून प्रथिनं निघून जाणं फक्त खोबरेल तेलाने लक्षणीय कमी झालं. म्हणजे न्हाण्याआधी आज्जी लावायची तेच तेल बरोबर होतं. शिया बाहेरून थर देतं: केसाचे उचकटलेले खवले बसवतं, गुंता कमी करतं, टोकांचं घर्षण कमी करतं. म्हणून न्हाण्याच्या आदल्या रात्री खोबरेल, आणि न्हाऊन केस ओलसर असताना फक्त शेवटच्या तीन-चार इंचांना तांदळाच्या दाण्याएवढं शिया, तळहातावर पूर्ण वितळवून. आफ्रिकेत आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत केसांना शिया भरपूर लावतात, आणि ते योग्यच आहे. अगदी बारीक कुरळ्या केसांत टाळूचं तेल टोकांपर्यंत उतरत नाही, त्यांना हा जड थर पेलतो. आपल्याकडच्या सरळ, बारीक केसांना तेवढं लावलं तर वेणी दोन दिवस न धुतल्यासारखी दिसेल. कुरळे केस असलेल्यांनी प्रमाण वाढवायला हरकत नाही. दुभंगलेली टोकं जुळतात म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, त्याला कात्रीच लागते. केस वाढतात हाही तसाच दावा. आणि शिया लावलेल्या केसांवरून इस्त्री फिरवू नका.

पोटावरचे व्रण. इथे मला स्पष्ट बोलायला हवं, कारण या एका गोष्टीसाठी बायका सर्वांत जास्त पैसे घालवतात. हे व्रण त्वचेच्या खालच्या थरात पडतात. तिथले तंतू ताणून तुटलेले असतात आणि वरून लावलेली चरबी तिथवर पोचून ते सांधत नाही. शियाची सख्खी चुलत बहीण म्हणावी अशा कोको बटरची चाचणी २००८ साली लेबननमध्ये पहिलटकरणींवर झाली: अर्ध्या जणींना कोको बटरचं लोशन, अर्ध्या जणींना तसंच दिसणारं पण कोको बटर नसलेलं. व्रण पडण्यात फरक आढळला नाही. शियाबद्दल यापेक्षा वेगळं मानायला मला कारण दिसत नाही. पोटाची खाज, ताण, कोरडेपणा यांना त्याने आराम पडतो, तेवढ्यासाठी खुशाल लावा. व्रणांचा लाल-जांभळा रंग काळानुसार फिका पडतोच. श्रेय मात्र त्या वेळी हातात असलेल्या डबीला मिळतं.

उन्हाचंही तसंच. ती सिनॅमिक आम्लाची संयुगं अतिनील किरणांचा थोडा भाग शोषतात हे खरं, पण सनस्क्रीनच्या जागी शिया म्हणजे विदर्भातल्या मे महिन्यात छत्री घरी विसरणं. वांगाचे डाग असणाऱ्यांनी तर हा विचारही करू नये.

बाळाविषयी. सात महिन्यांच्या निरोगी बाळाला शिया चालतं, पण रिफाइंड, बिनवासाचं, पातळ थरात आणि आंघोळीनंतर. पहिल्यांदा हाताच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी लावून दोन दिवस बघा. गळ्याच्या, काखेच्या, जांघेच्या वळ्यांत भरू नका, तिथे घाम कोंडून घामोळं आणि बुरशी होते. मालिशसाठी घट्ट बटर ओढत बसण्यापेक्षा सूर्यफुलाचं किंवा खोबरेल तेल सोपं. बाळाच्या गालांवर, कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागे लाल, खाजरे चट्टे असतील तर ते इसब असू शकतं. त्यात ओलावा टिकवणं हा उपचाराचा पाया असला तरी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय नुसत्या बटरवर राहू नका. आणि घरात कोणालाही गोल, कडेला उठलेला, खाजणारा चट्टा म्हणजे गजकर्ण असेल, तर त्यावर शिया नाही, आणि दुकानातून आणलेलं तिहेरी मिश्रणाचं स्टेरॉइड मलम तर अजिबात नाही.

कच्चं की रिफाइंड? कच्चं हस्तिदंती किंवा फिकट पिवळं असतं. साबण न होणारा तो भाग त्यात जास्त टिकतो, पण प्रत्येक खेपेला रंग, वास, दर्जा बदलतो. रिफाइंड पांढरं, बिनवासाचं, ट्रायटर्पीनं काही प्रमाणात गमावलेलं, पण ओलावा अडवायला तितकंच चांगलं. अंगाला, टाचांना कच्चं घ्या. चेहरा, ओठ, बाळ यांना रिफाइंड. हळदीसारखं गडद पिवळं दिसलं तर त्यात मुळीचा रंग किंवा पाम तेल मिसळलेलं असू शकतं. धुरकट वास ठीक, पण जुन्या शेंगदाण्यासारखा खवट आला तर परत करा. क्रीम घेताना घटकांच्या यादीत "ब्युटिरोस्पर्मम पार्की बटर" शोधा. वनस्पतिशास्त्राने नाव बदललं तरी लेबलवर जुनंच चालतं. फ्रेंच लेबलवर त्याला "कारिते" म्हणतात. ते यादीत सुगंधाच्या आणि प्रिझर्व्हेटिव्हच्या खाली असेल तर डब्यावरचं झाडाचं चित्र हीच त्याची मुख्य मात्रा समजा. साबणात तर ते बरंचसं साबणच होऊन जातं आणि उरलेलं पाण्याबरोबर वाहून जातं, त्यामुळे शियाच्या साबणासाठी जास्तीचे पैसे मी देणार नाही. किंमत वर-खाली होते ती आपल्या दुकानदारामुळेच असं नाही. नायजेरियाने ऑगस्ट २०२५ मध्ये कच्च्या बियांची निर्यात सहा महिन्यांसाठी थांबवली, प्रक्रिया देशातच व्हावी म्हणून. माझ्या मते रास्त मागणी आहे.

आता ती चॉकलेटची यादी. शियाच्या शेजारी कोकम होतं ना? कोकणात आणि गोव्यात कोकमाच्या बियांची चरबी हाताने वळून लांबट गोळ्या करून विकतात, तेच मुठेल किंवा भिरंडेल. टाचांना आणि ओठांना लावायची ती जुनी रीत आहे. त्यात स्टिअरिक आम्ल शियाहून जास्त, बहुधा निम्म्याहून अधिक, म्हणून ते टणक आणि ठिसूळ असतं. ३८ ते ४२ अंशांच्या आसपास वितळतं आणि शियापेक्षा कोरडं, कमी तेलकट बसतं. नुसतं घासायला अवघड, पण मिश्रणात सोनं. शियाचा मऊपणा वेगळा: ते पस्तीस अंशांच्या आसपासच ढिलं पडायला लागतं, त्यामुळे एप्रिलपासून तुमच्या डब्यात तेलच दिसेल. ५० भाग शिया, २० भाग कोकम, ३० भाग तिळाचं तेल एकत्र वितळवा. टाचा-कोपरांसाठी उन्हाळ्यातही बऱ्यापैकी आकार धरणारा बाम होतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत राहणाऱ्यांनी तर कोकमाचा भाग वाढवून शिया कमी करावं. कॅनडा किंवा मिनेसोटात हीटरच्या हवेत राहणाऱ्या आपल्या लोकांनी उलट करावं.

हे मिश्रण, किंवा उन्हाळ्यात वितळून पुन्हा गोठलेलं शिया, रव्यासारखं दाणेदार होतं. ते खराब झालेलं नाही. हळू थंड होताना जास्त वितळणबिंदूचे भाग आधी गोठून त्यांचे खडे बनतात. डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून पूर्ण पारदर्शक होईपर्यंत वितळवा, दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या, मग बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत झटपट गार करा आणि घट्ट व्हायला लागलं की फ्रिजमध्ये. गॅसवर थेट ठेवू नका.

यात गुलाबपाणी, कोरफडीचा गर किंवा दूध घालायचा मोह होईल. नुसत्या चरबीत जंतू वाढत नाहीत कारण पाणी नसतं. चमचाभर पाणी आलं की बुरशीला घर मिळतं, आणि ती डोळ्यांना दिसण्याआधीच तुम्ही ती तोंडाला लावत असता. ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घातली की टिकेल असं सांगतात. ती चरबीला खवट होण्यापासून वाचवते, जंतूंना मारत नाही. पाणी हवं असेल तर ते त्वचेवर आधी लावा. डब्यात ओली बोटं घालू नका, कोरडा चमचा ठेवा, आणि एका वेळी शंभर-दीडशे ग्रॅमच घ्या. तुमच्यासाठी तेवढं शिया हिवाळाभर पुरेल.